खेळणी चाटणारे मास्तर

मास्तर खेळणी चाटायचे.

हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण परवाच्या शोकसभेत एकाही वक्त्याने ते सांगितलं नाही. ‘बालकांचे कैवारी’ झालं, ‘थोर शिक्षणप्रेमी’ झालं, नगरपालिकेच्या एका सदस्याने तर ‘वऱ्हाडचे भूषण’पर्यंत गाडी नेली. साफ थापा! मुलांचा मास्तरांना मनस्वी कंटाळा होता. ओट्यावर पोरं जमली की ते छत्री घेऊन अंगावर धावायचे. त्यांचं प्रेम होतं ते खेळण्यांवर, आणि त्यालाही प्रेम म्हणावं का याची मला शंका आहे. फौजदाराचं चोरावर असतं तसलं काहीतरी होतं ते.

चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेला हा माणूस अमरावतीच्या एका साप्ताहिकात ‘खेळणी-परीक्षण’ नावाचं सदर लिहायचा. त्याच साप्ताहिकात पुस्तकांचं परीक्षण करणारे एक प्राध्यापक पुस्तकाचं पानही न उलटता अभिप्राय देत, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. मास्तरांचं तसं नव्हतं. खेळणं हातात आलं की आधी ते ओट्यावरून खाली टाकायचं. मग रात्रभर हौदात बुडवून ठेवायचं. मग शेजारच्या बकरीला दाखवायचं. आणि शेवटी, राजापेठेच्या भर रस्त्यावर, काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घालून, डोळे मिटून, ते चाटायचं.

“पोट्टं पयले काय करते? तोंडात टाकते,” ते म्हणायचे. “मंग परीक्षा काय मी नाकानं करू?”

अभिप्राय दोन-चार ओळींचा. ‘रंग आंबट. डावा खिळा वर आलेला. खेळणे नव्हे, घात.’ एकदा एका पत्र्याच्या कोंबडीबद्दल त्यांनी लिहिलं, की शेपूट ओढल्यावर हिची चोच मिटते. खऱ्या कोंबडीची उघडते. हे लिहिण्यापूर्वी त्यांनी परकोटाजवळच्या एका खाटकाकडे जाऊन खऱ्या कोंबडीची शेपूट ओढली होती. खाटकाने शिव्या दिल्या. मास्तरांनी चोचीकडे बघत त्या शांतपणे ऐकून घेतल्या. चांदूर बाजारच्या बाजारात खेळणी विकणारा एक म्हातारा तर मास्तर दिसले की दुकानावर ताडपत्री ओढायचा आणि वर बसून विडी पेटवायचा. “आज काही नाई, बाप्पा. माल आलाच नाई.”

मी त्यांच्या घरात भाडेकरू होतो. कॉलेज करायचो, एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचो. खोली मागायला गेलो तेव्हा मी माझी जात आधीच ठणकावून सांगितली. आम्ही छप्पन्नला दीक्षा घेतलेल्यांपैकी. राजापेठेत खोली मागायची तर घरमालकाने विचारण्याआधी आपणच सांगावं आणि त्याचं तोंड बघावं, हा माझा शिरस्ता होता. अर्ध्या राजापेठेची तोंडं माझी अशी बघून झाली होती. मास्तरांचं तोंड मात्र हललंच नाही.

“थे असू दे,” ते म्हणाले. “लहानपणी भोवरा कोन्त्या हातानं फिरवत होता?”

“डाव्या.”

“हां,” ते म्हणाले, आणि किल्ली दिली.

आता कोणी म्हणेल, पाहा, किती उदार! थांबा. त्याच घरात काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, मला चहा देत तो ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवलेल्या वेगळ्या कपात. तो कप मीच विसळायचा आणि मीच कोनाड्यात परत ठेवायचा. दोन हातांवर मास्तर बसलेले असत. पत्र्याच्या घोड्याच्या खुरातला गंज ज्या माणसाला वाटेवरून दिसे, त्याला तो कोनाडा दिसत नसे. एके दिवशी माझा भडका उडाला. मी कप त्यांच्या नाकासमोर धरला आणि म्हणालो, “मास्तर, याच्याबद्दल तुमाले काही म्हणायचं हाय का?”

त्यांनी कप घेतला. उजेडात फिरवला. नखाने टिचकी मारून ऐकला.

“कानाले चीर हाय,” ते म्हणाले. “हा कोणालेच देऊ नाई.” आणि उकिरड्यावर फेकून दिला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला नवा कप दिला. तोही कोनाड्यातच.

असा माणूस. याच्यावर रागवावं तर कुठून सुरुवात करावी हेच कळत नसे. तरी मी रागवायचो. चळवळीतल्या माणसाने रागवायला जागा शोधायची नसते, ती असतेच.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, हे वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा, दुसऱ्या दिवशी पोरांचा. पोरं लाकडी बैलाला चाकं लावून, झूल-बाशिंग घालून मैदानात आणतात, ओळीत उभे करतात, तोरणाखालून ओढत नेतात आणि मग घरोघरी जाऊन खाऊ गोळा करतात. राजापेठेच्या मैदानात मंडळाचा तान्हा पोळा भरे आणि मैदानाभोवती दोरी बांधलेली असे. आमच्या वस्तीतली पोरं त्या दोरीच्या बाहेर. छप्पन्नच्या आधी ‘तुमी हलके’ म्हणून बाहेर, छप्पन्ननंतर ‘तुमी वेगळे’ म्हणून बाहेर. कारण बदललं, दोरी तीच!

माझी भाची सुजाता तेव्हा दुसरीत होती. तिच्या बापाने, म्हणजे आमच्या दाजींनी, तिला तुटक्या तिफणीच्या लाकडाचा एक बैल करून दिला होता. तो घेऊन तोरणाखालून जायचं, एवढाच तिचा हट्ट. वस्तीतले जाणते म्हणाले, हे सण आपण सोडले, आता कशाला? मी म्हणालो, बैल देव नाही, बैल मजूर आहे. मजुराला धर्म नसतो. पत्रकासाठी वाक्य चांगलं होतं. ताई चुलीपुढून म्हणाली, “बाबू, भाषण नको देऊ. पोट्टीले तोरणाखालून नेतं का, तेवढं सांग.”

“नेतो,” मी म्हणालो. बोलून बसलो.

तान्ह्या पोळ्यात बैलांना नंबर देणारे परीक्षक कोण? मास्तर. नियम कोणी लिहिलेले? मास्तरांनी. ‘बैल लाकडाचा, मातीचा, पत्र्याचा, कशाचाही चालेल. मात्र तो बैल असला पाहिजे. चारी पाय जमिनीला टेकले पाहिजेत. ढेकळातून चालला पाहिजे.’ ढेकळाचा नियम खास त्यांचा. एक टोपलीभर काळ्या मातीची ढेकळं ते वावरातून आणवत आणि ओळीपुढे पसरत. “सडकेवर त सायकलही चालते. ढेकयात चालन थो बैल.” माणसाच्या जातीचा नियम त्यात नव्हता. मास्तरांना तो सुचलाच नव्हता. तो नियम दोरीत होता.

मी पत्रक लिहिलं, ‘तान्ह्या पोळ्याची दोरी सोडा!’ आणि मास्तरांकडे सहीला नेलं. परीक्षकाचीच सही असली की मंडळाची बोलती बंद. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं.

“दोरी सुताची का काथ्याची, लिवलं नाई.”

“मास्तर, त्यानं काय फरक पडते?”

“जे मी पाह्यलं नाई त्याच्यावर सही करत नसतो. इतके साल मी ढेकयाकडे पाहत होतो. आवंदा दोरी पाहीन.”

पत्रकावर सही नाही ती नाहीच. मी त्यांचा तिथल्या तिथे निषेध केला. ते बकरी शोधायला निघून गेले.

त्याच सुमारास अकोल्याच्या एका शेठजींनी एक नवं खेळणं बाजारात आणलं. शेठजींच्या मालकीचं तिथे एक टॉकीज होतं आणि त्यात एक पौराणिक सिनेमा जोरात चालू होता. सिनेमातला खलनायक म्हणजे एक असुर. तो हवं तेव्हा बैलाचं रूप घेतो आणि गावात शिरून धुमाकूळ घालतो. शेठजींचं डोकं व्यापाऱ्याचं. त्यांनी त्या असुराचं पत्र्याचं खेळणं करून घेतलं. उभा असेल तेव्हा हातात गदा घेतलेला राक्षस. कमरेत वाकवा, गदा पाठीत सारा, डोकं छातीत दाबा, की खट्ट! शिंगं बाहेर आणि चाकांवर बैल. पोळ्याच्या तोंडावर आणलं, म्हणजे तान्ह्या पोळ्यालाही चालणार. सुतार बैल करून देतो. हा राक्षसही देतो, बैलही देतो! गावात ज्या घरात पोरगं, त्या घरात रडारड सुरू झाली. एरवी मुलाला पाटी देताना मागेपुढे पाहणारे बाप परतवाड्याहून येऊन राक्षस घेऊन गेले.

मी ते खेळणं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी कानशिलं तापली. राक्षसाचा रंग काळा कुळकुळीत, नाक चपटं, ओठ जाड, केस कुरळे. दुकानात शेजारीच त्याच सिनेमाच्या नायकाचा फोटो होता, गुलाबी, लोणी चोळल्यासारखा तकतकीत. म्हणजे दुष्ट कोण आणि सज्जन कोण हे पोराला वाचायला येण्याच्या आधीच कळावं, अशी सोय. खेळण्याच्या पोटात पाहिलं तर पत्रा वनस्पती तुपाच्या जुन्या डब्याचा. राक्षसाच्या छातीत आतल्या बाजूने छापील अक्षरं होती. ‘शुद्ध’. मी हसलो नाही.

मास्तर मात्र खूष होते. इतकं गुंतागुंतीचं खेळणं त्यांच्या हाती आजवर आलं नव्हतं. चाटून ते म्हणाले, “रंग पाट्या रंगवणाऱ्याचा हाय. दोन हात पाहिजे होता, एकच देल्ला.” बकरीने राक्षसाला हुंगलं आणि तोंड फिरवलं, तेही टिपलं गेलं. पण परीक्षण पुरं होईना. मूळ असुर पाहिल्याशिवाय नकलेवर बोलू नये, हा त्यांचा दंडक. म्हणून आम्ही एसटीने अकोल्याला गेलो, सिनेमा बघायला. मीही गेलो, कारण मला वाटलं पडद्यावर तो चेहरा एवढा मोठा दिसला की म्हाताऱ्याचे डोळे उघडतील.

पडद्यावर असुर बैल होऊ लागला, आणि मास्तर उभे राहिले. एका हातात खेळणं, दुसऱ्या हातात टॉर्च. पडद्याकडे पाहत आणि खेळणं मुडपत ते टप्प्याटप्प्याने पुटपुटू लागले, “शिंग... मान... आता पाय...”

“ए बुढ्ढे, नीचे बैठ!”

“ओ बाबा, आमाले मोठा राक्षस पाहू द्या! तुमचा लहाना घरी जाऊन पाहा!”

मागून शेंगांची टरफलं आली. मास्तरांनी टोपी झटकली आणि डोअरकीपरला हाक मारून विचारलं, एवढाच तुकडा परत दाखवता येईल का. त्या दिवशी अकोल्याच्या टॉकीजमध्ये असुरापेक्षा जास्त शिव्या माझ्या मास्तरांनी खाल्ल्या. मी शेजारी बसून, माझा यांच्याशी काही संबंध नाही असा चेहरा केला होता. तो कोणाला पटला नाही.

मध्यंतरात शेठजींनी आम्हाला आपल्या खोलीत बोलावून घेतलं. माणूस गोड. चहा, वर पेढा.

“मास्तर, बडी मेहरबानी, तुमी खुद आले. आवंदा राजापेठच्या तान्ह्या पोळ्याचं बक्षीस आपल्याकडूनच हाय. तुमी परीक्षक. आपल्या खेळण्यावर चार शब्द बरे लिवा. तुमच्या पेपरात पयल्या पानावर आपली जाहिरात त हायेच.” शेवटचं वाक्य त्यांनी पेढ्यासारखंच पुढे केलं.

“शेठजी,” मास्तर म्हणाले, “शिंग पयले निंगते का पाय?”

“काय?”

“सिनेमात शिंग पयले निंगते. तुमच्या खेळण्यात पाय पयले मुडपतात, मंग शिंग. तुमचा राक्षस चूक हाय.”

“अजी, पोट्टे का हे पाहतात?”

“पोट्टेच पाहतात,” मास्तर म्हणाले. “मोठे थोडीच पाहतात?”

शेठजी हसले, पण पेढ्याचं ताट मागे घेतलं.

परतीच्या एसटीत, मूर्तिजापूर मागे पडल्यावर, मी विषय काढला. राक्षस त्यांच्या मांडीवर होता.

“मास्तर, याच्या तोंडाकडे पाहा. कोणासारखा दिसते?”

त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. “पत्र्यासारखा.”

“माह्यासारखा दिसते! माह्या बापासारखा, माह्या भाचीसारखा! यायनं वाईट म्हणून आमचं तोंड घेतलं!”

मास्तरांनी राक्षस माझ्या गालाजवळ आणला. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. सगळी एसटी पाहत होती.

“तुहं नाक बरं हाय,” ते म्हणाले.

“मंग लिवा ना हे!”

“सदर खेळण्याचं हाय, लेका. तुह्या नाकाचं नाई.”

बडनेऱ्यापर्यंत मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो. त्यांच्या हे लक्षातही आलं नाही. ते शिंगाची स्प्रिंग मोजत होते.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी राजापेठेचं मैदान फुललं होतं. शेठजी मंडपात खुर्चीवर. साप्ताहिकाचे संपादक त्यांच्या शेजारी, खुर्चीच्या कडेवर. दोरी बांधलेली. आणि ओळीत पाहावं तर निम्म्याहून जास्त बैल पत्र्याचे, काळे, चकचकीत. प्रत्येकाच्या पोटात राक्षस घडी करून ठेवलेला. राक्षस दोरीच्या आत चालतो! सुजाता नवं परकर-पोलकं घालून, आपला बैल सुतळीने ओढत आली, आणि मंडळाच्या चिटणिसांनी हात आडवा केला.

“तुमचं त बंद झालं ना हे? मंग आता कायले?”

मी तयारीतच होतो. एक खोकं उलटं करून त्यावर चढलो आणि सुरुवात केली, “बंधू आणि भगिनींनो...” तिकडून पोरांनी झडत्या, म्हणजे पोळ्याची कवनं, ओरडून म्हणायला सुरुवात केली. पोळ्याच्या झडत्यांपुढे कोणाचं भाषण टिकलंय? माझा आवाज मलाही ऐकू येईना. सुजाता दोरीला लागून उभी होती. रडत नव्हती, तोरणाकडे बघत होती.

इकडे मास्तरांनी ढेकळं पसरली आणि पहिलं पोर पुढे आलं. पत्र्याचा बैल ढेकळावर चढला, चाक अडलं, आणि खट्ट! शिंगं आत, डोकं बाहेर, गदा वर. बैलाच्या जागी राक्षस उभा. पोरगं किंचाळलं. दुसरा आला. खट्ट! तिसरा. खट्ट! चौथ्याची गदा त्या पोराच्या बोटाला लागली आणि त्याच्या आईने शेठजींच्या दिशेने पाहून जे बोलायचं ते बोलून घेतलं. ओळीने राक्षस उभे राहत चालले. तुपाच्या डब्यांची ती पलटण पाहून मंडपात कोणीतरी फस्सकन हसलं. संपादक हसले नाहीत. त्यांनी जाहिरातीकडे, म्हणजे शेठजींकडे, पाहिलं.

चिटणीस धावत गेले. “मास्तर, चालवून घ्या ना थोडंसं. पोट्टे रडून रायले.”

“ढेकयात गेला की राक्षस होते, त वावर काय राक्षसानं वाहावं? बाद.”

“अजी, सारेच बाद केले त रायते कोण?”

मास्तरांनी मान वर केली, बैल शोधायला. राहिले होते ते मोजके लाकडी बैल. त्यांची नजर ओळीवरून फिरली आणि दोरीच्या बाहेर जाऊन थांबली.

“थो बैल तिकळे कावून उभा हाय?”

“थो... थो त्यायचा हाय.”

“मंग आना ना त्याले.”

“त्यायचं आता बंद झालं, मास्तर.”

“बैलाचं बंद झालं?”

चिटणीस जवळ सरकले आणि मास्तरांच्या कानाशी काहीतरी कुजबुजले. काय ते मैदानात सगळ्यांना माहीत होतं.

“जोरानं सांगा,” मास्तर मोठ्याने म्हणाले. “बाद करा लागते त कारण लिवा लागते मले. काय लिवू?”

झडत्या थांबल्या होत्या. चिटणिसांनी तोंड उघडलं, मंडपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खोक्यावर उभा असलेला मी आणि हातात पेन्सिल घेतलेले मास्तर. कुजबुजायला येत होतं ते बोलायला येईना.

मग मास्तर स्वतःच निघाले. दोरीशी आले. ती बोटांत धरून चोळली. “काथ्याची हाय,” माझ्याकडे पाहून म्हणाले, जणू आमचं पत्रकावरचं बोलणं अर्धं राहिलं होतं. धोतर सावरून खाली वाकले आणि दोरीखालून आमच्या बाजूला आले. टोपी पडली. सुजातासमोर उकिडवे बसले, तिचा बैल दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटले.

मला कळलं, आता काय होणार. सगळ्या मैदानाला कळलं. काकू मंडपातल्या बायकांत होत्या, त्यांनी “अगं माय!” म्हणून पदर तोंडाला लावला. ज्या हातांनी तो बैल घडवला होता, त्या हातांचं पाणी त्या मैदानातला एकही माणूस प्यायला नसता. मास्तरांनी जीभ काढली आणि बैल चाटला. मानेपासून वशिंडापर्यंत. सावकाश.

एवढी शांतता मला माझ्या एकाही भाषणात मिळाली नाही.

“जवसाचं तेल,” मास्तर डोळे उघडून म्हणाले. “कोणं लावलं?”

“म्या,” सुजाता म्हणाली.

“बरं लावलं. शिंग एक आखूड हाय.”

“लाकूड तेवढंच होतं.”

“चाल. ढेकयात ओढ.”

ते परत दोरीखाली वाकले. पण या खेपेला म्हाताऱ्याची कंबर धरली. अर्ध्यात अडकले. दोरी त्यांच्या कोटावर ताणलेली, आणि त्या ताणलेल्या दोरीखालून, त्यांच्या बगलेतून, सुजाता बैल घेऊन आत गेली. कोणी हात आडवा केला नाही. करायला हात मास्तरांच्या अंगावरून न्यावा लागला असता.

ढेकळात तिचा बैल डुगडुगला आणि आडवा पडला. मास्तरांनी तो उचलला, पाय वर करून उलटा धरला, हलवला, वाट पाहिली. काही झालं नाही.

“बैल हाय,” ते म्हणाले. “घेऊन जाय.”

आणि माझी भाची तोरणाखालून गेली.

आता शोकसभेतल्या वक्त्यांनी ऐकावं. मास्तरांनी तिला बक्षीस दिलं का? नाही! पहिला नंबर सुताराच्या पोराला. तिला दुसराही नाही, तिसराही नाही. मी विचारलं तर म्हणाले, “शिंग आखूड हाय ना.” आमच्यासाठी म्हणून त्यांनी काही केलं नव्हतं. शेठजींचा असो, काझीचा असो, कलेक्टरचा असो, समोर आलेला बैल त्यांनी चाटलाच असता. संध्याकाळी घरी काकूंनी बंब पेटवला, चूळ भरायला तांब्या आणून ठेवला. मास्तर म्हणाले, “तेल चांगलं होतं, चूळ कायले?” आणि जेवायला बसले. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. माझा कप कोनाड्यातच राहिला.

पुढच्या अंकात शेठजींची जाहिरात पहिल्या पानावर होती, आणि ‘खेळणी-परीक्षण’ नव्हतं. त्या जागी बिनसहीचा मजकूर, की अकोल्याचा राक्षस-बैल हे भारतीय बुद्धीचे अपूर्व लेणे आहे. मास्तर संपादकांकडे गेले. संपादक म्हणाले, सदर तूर्त स्थगित. ते तूर्त मास्तर जाईपर्यंत टिकलं. परवाच्या शोकसभेचे अध्यक्ष हेच संपादक होते. ‘आमच्या साप्ताहिकाचा आधारस्तंभ’ म्हणताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. आभार मानले चिटणिसांनी.

सदर गेल्यावर मास्तर एक दिवस छापखान्यात आले. हातात कागद. “तू पत्रकं छापतं ना? हे छाप.”

मला वाटलं, आली वेळ! मी मथळा जुळवला, ‘जाहीर निषेध!’ त्यांनी खोडला आणि ‘परीक्षण’ लिहिलं. राक्षसाच्या रंगरूपाबद्दल मी एक परिच्छेद आत सरकवला, कोणाचं तोंड चोरून हा असुर बनवला त्याबद्दल. त्यांनी राक्षस टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हे यात कुठं हाय? दाखव.” मी नाकावर बोट ठेवलं. त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग लिहिलं, ‘चेहरा माणसाचा आहे. राक्षसाचा वाटत नाही. मोठा दोष.’

याहून एक अक्षर जास्त लिहीनात. आम्ही भांडलो. कंपोझिटरने अक्षरांचे खिळे ठेवून दिले आणि विडी ओढायला बाहेर गेला.

शेवटी सुजाताच्या बैलावर दोन-चार ओळी होत्या. त्यावर मी ‘बौद्ध वस्तीतील बैल’ असा मथळा दिला होता. मास्तरांनी पहिले दोन शब्द खोडले. मी म्हणालो, ते दोन शब्द राहिलेच पाहिजेत, त्यांच्यासाठीच तर सगळं झालं. ते म्हणाले, “थे बैलावर लिवलं होतं काय?” आजही मी म्हणतो, ते दोन शब्द हवे होते. जाहीर म्हणतो.

ते पत्रक मास्तरांनी स्वतः राजापेठेच्या चौकात उभं राहून वाटलं. बहुतेकांनी त्यात फुटाणे खाल्ले. एक प्रत ताईच्या घरी दाराच्या आत खळीने चिकटवलेली आहे. धुराने पिवळी पडली, पण शेवटच्या ओळी वाचता येतात:

‘बैल. बाभळीचे लाकूड. जवसाचे तेल, चव बरी. उजवे शिंग आखूड. ढेकळात पडला. उलटा करून पाहिला. बैलच राहिला.’